क्लिनर कोणाच्या गाडीवरचा

रविवार, ५ जानेवारी

दिवाळीत घेतलेली वही आज उघडली. मधल्या काळात तिच्यावर चहाचे कप ठेवले, एकदा तिच्यानं मच्छर मारला, आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं – सुशील, सुशील, सुशील. एकही आवडलं नाही. बंद केली. उद्या लिहू, उद्या लिहू. माझं आयटीआयचंही असंच झालं. फी भरली, जायला लागलो, मग एके दिवशी वाटेत कोणाचा तरी ट्रॅक्टर चिखलात फसलेला दिसला. तो काढायला थांबलो तो थांबलोच.

आज लिहितोय कारण प्रेमिलाकाकूंबद्दल कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे, असं गाडीत वाटलं. त्यांना सांगायची सोय नाही. "डोकं दुखून राहिलं काय तुहं?" म्हणतील.

काकू माझ्या घरमालकीण. नागपूरच्या वाडीत गोडाऊनच्या रांगेमागं घर, वर माझी खोली, खाली त्यांची मेस. ट्रान्सपोर्टचे ड्रायव्हर, हमाल आणि मी, सगळे तिथंच जेवतो. वीसेक वर्षं ती मेस एक दिवस बंद नव्हती म्हणे. मग गेल्या वर्षी काकूंनी जाहीर केलं – शनिवारी दुपारनंतर बंद, सोमवारी सकाळी सुरू. ड्रायव्हर लोक म्हणाले, "काकू, मंग आम्ही खावं काय?" काकू म्हणाल्या, "उपास धरा. पोटं पाहा आपापली."

गांधीबागेत कापडाच्या गठाणी वाहणारी एक जुनी पिकअप त्यांनी घेतली. गाडी शिकल्या – पन्नाशी आल्यावर! धोंडबा मिस्त्रीकडून मागच्या डाल्यावर, जिथं माल ठेवतात तिथं, खोली बांधून घेतली. आत एक फळीचा पलंग, खाली भांड्यांचं कपाट, बाजूला सरकती खिडकी, वर पाण्याची टाकी. दर शनिवारी काकू आणि मी निघतो. तलाव, जंगलाची कड, कोणाचं ओळखीचं शेत.

रुपरावकाका, म्हणजे त्यांचे मालक, येत नाहीत. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला. आता ऑटोतही बसत नाहीत. म्हणतात, "मले आता जे हालत नाही तेच आवडते." यावर काकू म्हणतात, "यायनं अख्खा भारत पाहिला. मी अख्ख्या भारताले पोळ्या करून घातल्या. आता मी पाहते, यायनं पोळ्या कराव्या." आणि काका करतात. जाड होतात, पण करतात.

धोंडबाचा एक गोंधळ राहिला आहे. त्यानं आयुष्यभर ट्रकच्या बॉड्या बांधल्या, म्हणून मागच्या दाराला कडी फक्त बाहेरून लावली. आतून काहीच नाही. काकूंनी विचारलं तर म्हणतो, "मालानं आतून कडी लावलेली मी तं आजवर पाहिली नाही बाई." उद्या येऊन बसवतो म्हणाला, त्याला सहा महिने झाले. त्यामुळे रात्री काकू आत झोपतात, मी बाहेरून कडी लावतो आणि पुढं केबिनमध्ये झोपतो. सकाळी त्या ताटावर चमचा वाजवतात, मी उघडतो.

कुत्र्याचं राहिलंच. उद्या.

बुधवार, ८ जानेवारी

उद्या म्हटलं होतं. गोडाऊनवर कोणीतरी पतंग घेऊन आलं.

रविवार, १२ जानेवारी

काल उमरेडच्या बाजूला गेलो होतो, आत्ता आलो. हाताला अजून गोवऱ्यांच्या धुराचा वास आहे. काकूंनी निखाऱ्यात कणकेचे रोडगे लावले, वांग्याची भाजी केली. मी सात खाल्ले आणि आडवा झालो. क्लिनरनं तीन खाल्ले, तो आडवा झाला नाही.

तर क्लिनर. काळा कुत्रा, एक कान मोडलेला. दसऱ्यानंतर आम्ही अमरावती रोडनं कोंढाळीच्या पुढं गेलो होतो. तिथं एक बंद पडलेला धाबा आहे. काकू पाणी भरायला थांबल्या, आणि निघताना पाहतो तर हा पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर, समोर काचेतून बघत बसलेला. जसा काही पगारावर आहे. म्हणून नाव क्लिनर. गळ्यात काळा गोंडा होता, ट्रकच्या आरशाला बांधतात तसला. म्हणजे कोणाच्या तरी गाडीवरचा. गावातला कुत्रा गाडी सुरू झाली की भुंकतो, हा सुरू झाली की चढतो. गाडी थांबली की उतरून चारी चाकं हुंगून येतो, मग चाकाच्या सावलीत बसतो. काकांनी पहिल्या दिवशीच ओळखलं. "याले कोणीतरी नीट शिकवलं आहे," म्हणाले.

काकू मोठं वळण घेताना जीभ जराशी दातात धरतात. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. काल बांधाच्या चिंचोळ्या रस्त्यावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, तर काकूंनी एवढी गाडी आरशात पाहत उलटी नेली, सरळ रेषेत, एकदाही ब्रेक न मारता. मी असतो तर उतरून पळालो असतो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मावशी, कोणत्या मालकाकडं चालवता?" काकू म्हणाल्या, "मीच मालक."

पण एक गोष्ट मला आवडत नाही. दर धाब्यावर काकू उतरतात, चहा घेतात आणि विचारतात – हा कुत्रा कोणाचा, ओळखता काय? आज परतताना मी बोललोच. "काहून विचारता काकू? इथं खुश आहे ना तो."

काकूंनी गिअर टाकला. म्हणाल्या, "खुश तं मीही दिसत होती ना गा, इतकी वर्षं मेसमध्ये."



सोमवार, २० जानेवारी

काल सकाळी मार खाता खाता वाचलो. नीट लिहितो.

शनिवारचा मुक्काम कोंढाळीच्या पुढच्या तलावावर. तो बंद धाबा तिथून जवळच आहे. पहाटे उजाडत होतं, मी केबिनमध्ये, क्लिनर माझ्या पायांवर. काच अर्धी उघडी. हायवेवरून एका ट्रकचा हॉर्न आला, आणि हा काचेतून बाहेर. मी अनवाणी मागं. तुरीतून, बांधावरून, एक तार अंगाला लागली. शेवटी दिसला – धाब्यासमोर रस्त्याकडे तोंड करून बसला होता. ट्रक कधीच निघून गेला होता. मी हाक मारली, त्यानं कानही हलवला नाही. ओढलं तर उठेना. मग मीही बसलो. तिथं बोरीचं झाड होतं, थोडी बोरं खाल्ली. गोड होती. अजून थोडी खाल्ली. खिसे भरले.

आणि काकू गाडीत कोंडलेल्या! हे मला क्लिनरला खांद्यावर घेऊन अर्ध्या वाटेत आठवलं.

तोवर काय झालं, तर काकूंनी ताट वाजवलं. पुन्हा वाजवलं. शेळ्या घेऊन एक बाई चालल्या होत्या, सिंधूताई. त्यांना मालाच्या गाडीतून बाईचा आवाज आला आणि दाराला बाहेरून कडी दिसली. त्यांनी सरळ वस्तीवर जाऊन सांगितलं, नागपूरच्या कोणत्या तरी पोट्ट्यानं बाईले कोंडून आणलं म्हणून.

मी पोचलो तर चार गडी, काठ्या घेऊन.

एकानं खिडकीत विचारलं, "मावशी, हाच काय तो?"

"हाच," काकू आतून म्हणाल्या. "पण मारू नका, माहा भाडेकरू आहे."

"भाडेकरू घरमालकिणीले कोंडते?"

"रोज नाही, शनिवारीच. तुम्ही आधी कडी काढा गा, मंग सांगते."

तर कडी काढायला कोणी तयार नाही. एकजण म्हणे, हात लावू नका, पोलिसाले दाखवा लागते, ठसे असतात. दुसरा म्हणे, आधी याले झाडाले बांधू. मी बोरं दाखवली, की मी बोरं खात होतो. त्यानं काही फायदा झाला नाही. शेवटी सिंधूताईंनीच कडी काढली. काकू पदर सारखा करत उतरल्या आणि पहिलं वाक्य – "किती जण आहात? पोहे टाकते."

मग काय, सगळ्यांनी आत डोकावून पाहिलं. ठसेवाला पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आला. सिंधूताई पलंगावर आडव्या झाल्या, वर छताकडे पाहिलं, म्हणाल्या, "असं पाहिजे बाप्पा. मन उठलं की घर घेऊन चाललं." काकूंचा चेहरा असा फुलला होता, की मला धोंडबाला जाऊन मिठी मारावीशी वाटली.

पण निघताना काकूंनी त्या बंद धाब्यापाशी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. क्लिनर लगेच उतरला आणि परत त्याच जागी जाऊन बसला.

"तो पळाला नव्हता गा," काकू म्हणाल्या. "ड्युटीवर गेला होता. कोणी तरी त्याले इथं थांबाले सांगतलं आहे."

मी उतरून क्लिनरला उचलून आणलं. काकूंनी गाडी सुरू केली.

"आतापर्यंत मी चहा पिता पिता विचारत होती. आपल्या मनाच्या समाधानासाठी. आता बरोबर शोधते."

आज धोंडबानं येऊन आतून कडी बसवली. काकूंनी त्याला कसं आणलं ते मी विचारलं नाही. गुपचूप काम करून गेला.

गुरुवार, २३ जानेवारी

काकूंनी क्लिनरचा फोटो काढायला लावला, काळा गोंडा नीट दिसेल असा. मी दोन वेळा मुद्दाम हलवला. तिसऱ्यांदा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

ओट्यावरून न हलणाऱ्या रुपरावकाकांच्या फोनमध्ये अख्खा हायवे आहे, हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरांचे किती ग्रुप! त्यांनी चष्मा लावून, एक एक अक्षर दाबत लिहिलं – हा कुत्रा कोणत्या गाडीवरचा? दसऱ्यानंतर कोंढाळीच्या पुढं बंद धाब्यावर भेटला. आमच्याकडं सुखरूप आहे. मालकानं यावं.

'सुखरूप' लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. ते पुसा म्हणालो, नुसतं 'आहे' पुरते. म्हणाले, "ज्याचा हरवला त्याले तेच वाचायचं असते."

दोघंही नवरा-बायको सारखेच. एक हालते, एक हालत नाही, एवढाच फरक.

रविवार, २ फेब्रुवारी

उत्तर नाही. बरं आहे.

काल-आज खिंडसी तलावाच्या बाजूला होतो. दुपारी काकू साडी खोचून गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी आधी क्लिनरला काठी फेकली, मग एका मासे धरणाऱ्याशी गप्पा मारल्या, मग त्याचं जाळं सोडवून दिलं, मग एक गाणं डाउनलोड केलं. परत पाहतो तर काकू तिथंच. उभ्या.

"काय करून राहिल्या काकू?"

"काहीच नाही," म्हणाल्या. "तेच शिकून राहिली."

मला काहीच न करणं जन्मापासून येतं, असं मी समजत होतो. ते वेगळं असतं. त्यांचं पाहून कळलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उत्तर आलं.

कोण्या ड्रायव्हरनं काकांना फोन केला. म्हणाला, हा तर पांढुर्ण्याच्या जितेंद्र ड्रायव्हरचा कुत्रा, आम्ही एकाच ठिकाणी माल भरायचो, तिथं नेहमी दिसायचा, दोघं एका डब्यात जेवायचे. जितेंद्रचा नंबर मात्र बंद येतो. हल्ली दिसतही नाही, गाडी बदलली असेल. त्या फोनवाल्याच्या ओळखीचा एक माणूस पांढुर्ण्यात आहे, त्याच्याजवळ निरोप देतो म्हणाला.

मी काकूंना म्हटलं, चार महिने ज्याला आठवण आली नाही त्याला कशाला द्यायचा? काकू कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "थो आल्यावर त्याले विचार. मले काहून विचारतं?"

संध्याकाळी क्लिनरला आंघोळ घातली. काकूंनी त्याचं ताट घासून, त्याच्या पोत्यात गुंडाळून दाराजवळ ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे लावत बसल्या. उद्या जायचं नाही म्हणतात. माणूस इतक्या लांबून आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

पिकअप आल्यापासून हा पहिला शनिवार, जो आम्ही घरी काढणार.

रविवार, ९ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. मी खुश. काकू दर ट्रकच्या आवाजाला दारात. क्लिनरही. दोघं शेजारी शेजारी उभे राहतात.

सोमवार, १० फेब्रुवारी

घाईत लिहितो. काकू खाली गाडी गरम करून राहिल्या.

सकाळी मेसची पहिली पंगत बसली होती. आम्ही जितेंद्रची वाट पाहत होतो आणि दारात एक बाई. पांढुर्ण्याहून पहिल्या बसनं एकट्या आल्या. कौशल्याताई – जितेंद्रची बायको. त्यांनी "राजा" म्हटलं आणि क्लिनर लोकांच्या ताटांवरून उडी मारत गेला. त्यांच्या अंगावर पाय ठेवून असा रडला की हमालांनी घास खाली ठेवले. मी त्याचं पोतं नेऊन त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"मी कुत्रा न्याले नाही आली, दादा."

दसऱ्यानंतर जितेंद्रचा फोन आला नाही. त्याचा ट्रक मालकाला अमरावतीच्या पुढं, कोंढाळीहून शंभरावर किलोमीटर लांब, रस्त्याकडेला उभा सापडला. माणूस नाही, कुत्रा नाही. मग सगळे म्हणाले – मालक, पोलीस ठाण्यातले, घरचेसुद्धा – कुत्राही सोबत नेला म्हणजे स्वतःच्या मनानंच गेला. दुसरीकडं संसार थाटला असेल, वाट पाहू नको. चार महिने हेच ऐकून राहिली ती बाई.

"थो याले सोडून एक पाऊल टाकत नव्हता. अन् हा तं तुम्हाले कोंढाळीलेच भेटला. मंग तिथून पुढं गाडी कोणं नेली?" म्हणाल्या. "मले थे जागा दाखवा."

काकांनी टीव्ही बंद केला, काकूंनी भाताखालचा गॅस. पंगतीला सांगितलं, "आपापलं वाढून घ्या."

कौशल्याताई पुढं बसल्या आहेत, तो त्यांच्या मांडीवर. मी मागं बसतो.

सोमवार आहे. मेस बंद.