कांताताई, इस्त्री कोणती घेऊ?

ठाकूरद्वार, मंगळवार

तीर्थस्वरूप कांताताईस,

धाकट्या मृणालचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढंच वाकून). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपत आले असतील तर कळव, इथे कोपऱ्यावर मिळतात. शीव ते ठाकूरद्वार एवढ्याशा अंतरात पत्र कसलं लिहितेस, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या वेळचं वाक्य जरा लांब आहे. बाळ-बाळंतीण मजेत. स्पृहा खाते, झोपते आणि मला सल्ले देते. तिची लेक सल्ले देत नाही, एवढाच दोघींत फरक.

तर प्रश्न इस्त्रीचा आहे. येत्या रविवारी बारसं, आणि पाळण्यात आजीच्या हातची गोधडी असणार हे मी वाडीभर सांगून बसले आहे. आईच्या गोधड्यांनी जन्मात इस्त्री पाहिली नव्हती हे मला ठाऊक आहे, ते तू पुन्हा सांगू नकोस. पण स्पृहाला मोबाइलवर बघितलेली, चौकोनाला चौकोन जोडलेली हवी आहे. मधोमध आईच्या मोतिया चंदेरीचा मोठा चौकोन (आपण दोघींनी अर्धी अर्धी घेतली तीच) आणि भोवती आपल्या सगळ्यांच्या सुती साड्या. अशा गोधडीत प्रत्येक शिवण उघडून वाफेवर दाबून बसवावी लागते, नाहीतर कोपऱ्याला कोपरा जुळत नाही आणि सगळी गोधडी तोंड वाकडं करून बसते. आमची जुनी इस्त्री बिनवाफेची. म्हणून लोहार चाळीत जाऊन वाफेची आणली. जरा जड बघून घेतली, टोक निमुळतं, पाण्याची टाकी मोठी. (थांब, उठून बघून आले. इस्त्री बंद आहे. या नव्या इस्त्र्या हात काढला की आपोआप झोपतात म्हणे, पण माझा त्यांच्या झोपेवर विश्वास नाही.)

आता आमच्या ह्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. घरात यंत्र आलं की त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आमच्या मिक्सरला कुंकू आहे, वॉशिंग मशीनला आहे, इंटरनेटच्या डबीलाही आहे. तसं इस्त्रीलाही लावलं. खोक्यावरचा टिळा मी स्वतः पाहिला, नमस्कार केला आणि कामाला लागले. जुन्या पंच्यावर पहिली वाफ सोडली, तर इस्त्री लालसर थुंकली. मला वाटलं गंज. पिशवीत घालून तशीच दुकानात नेली. दुकानदाराने ती उलटीसुलटी न करताच विचारलं, "मॅडम, पानी कौनसा डाला?" मी म्हटलं, नळाचं, जे आम्ही पितो. तो म्हणाला, "आप पी सकते हो, ये नहीं पी सकती." भला माणूस, बदलून दिली. मी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं. दुसरी इस्त्री लालही थुंकली आणि पिवळंही.

मग माझी झोप उडाली. दिवसभर मोबाइलवर इस्त्र्यांबद्दल लोकांची मतं वाचत बसायचे. एकजण म्हणते तळ स्टीलचा हवा, दुसरी म्हणते सिरॅमिकचा, तिसरी म्हणते वाफ सोडून द्या आणि पाण्याचा फवारा मारा. ज्या इस्त्रीला शंभर जणींनी डोक्यावर घेतलंय, तिच्याच खाली एकीने जळक्या परकराचा फोटो टाकलेला. भाजी ढवळता ढवळता मी गॅसवरून उठून (म्हणजे गॅसपासून, मी गॅसवर बसत नाही) पुन्हा मोबाइल उघडायचे. स्पृहा म्हणाली, आई, तू इस्त्री शोधतेयस की जावई?

शेवटी खोताच्या वाडीतली माझी मैत्रीण ॲन्टोनेट मदतीला आली. ती नवऱ्यामुलींचे पांढरे झगे शिवते, आणि तिच्या वाफेच्या इस्त्रीने आजवर एका झग्यावर ठिपका पाडलेला नाही. ती इस्त्री तिने स्वतः आणून दिली. मी निर्धास्त झाले. आंघोळ करून आले, इस्त्री तापवली, दाबली. ताई, तीही थुंकली, एका तुकड्यावर. कोणत्या, ते आत्ता महत्त्वाचं नाही. (पुन्हा उठले होते. बंद आहे.)

मी ॲन्टोनेटला बोलावलं. तिने इस्त्री उलटी केली, वाफेच्या भोकात केसांची पिन घातली, पिनेचं टोक हुंगलं आणि म्हणाली, "मृणाल, हा गंज नाय गो. हा तर तुमचा कुंकू हाय." दोघींनी मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "वरचं सगळं प्लास्टिक. काम करतो तो तळ. मग कुंकू तळाला नको? आणि कापडाला लागू नये म्हणून मी लगेच रुमालाने पुसलंही होतं." पुसलं होतं खरं. भोकांत काय गेलं ते रुमालाला कुठे कळतंय. मी विचारलं, ॲन्टोनेटच्या इस्त्रीला कशाला लावलंत, ती काही नवी नाही. तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरची, आपल्याकडे पहिल्यांदा कामाला आली. तिला तशीच राबवायची?" यावर ॲन्टोनेट ह्यांच्याच बाजूने झाली. म्हणाली, इतका मान तिला आमच्या घरात कोणी दिला नाय. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तर वाफेची इस्त्री कोणती घ्यावी, ते विचार करून सांग. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मृणाल

ता. क. इस्त्रीचा विचार करू नकोस. ॲन्टोनेटने व्हिनेगर घालून तिची भोकं साफ केली आणि परत मलाच दिली. आता झकास चालते.

ता. क. तो तुकडा आईच्या चंदेरीचा होता. बरोबर मधोमध डाग आहे, वाफेने पक्का बसलेला. मी लिंबू लावलं, दही लावलं, उन्हात धरला. आता तो नारिंगी झाला आहे. माझ्या अर्ध्यातला तेवढाच तुकडा उरला होता, बाकीची कधीच शिवून संपली. तुझ्या अर्ध्यातला एक चौकोन देशील का? तू ती साडी कपाटातून काढत नाहीस, फक्त दार उघडून तिच्यावर हात ठेवतेस, हे मला माहीत आहे. म्हणून फोनवर मागायचं धाडस झालं नाही. नाही म्हणालीस तर मी डागासकट लावीन, रागावणार नाही. पण रविवारी ये. आईचं म्हणून तिथे तूच आहेस.

ता. क. पत्र ह्यांच्याच हाती पाठवते आहे. त्यांना वाटतंय यात इस्त्रीची चौकशी आहे. पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकू दिसेल, त्यावरून त्यांना काही बोलू नकोस. ते मी लावलं आहे.