गॅसशिवायचा स्वयंपाक

दि. ३ मार्च

चि. ढोल्यास,
अनेक आशीर्वाद. तू आणि सूनबाई ठीक असाल. मीही ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून संपावर गेलेले नाहीत. जिन्यातल्या खिडकीची फुटकी काच एकदाची बदलली, त्यामुळे वर येताना वारा लागत नाही.

पत्र बघून तुला घाम फुटला असेल, की आता हिला फोन लावायचंसुद्धा आठवेना. आठवतं. पण हल्ली फोनवर तू माझी परीक्षा घेतोस. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, मागच्या महिन्यात घरी कोण आलं होतं. डॉक्टरांनी तुला तसं विचारायला सांगितलंय हे मला कळतं. मी बरोबर उत्तर दिलं की तू ‘व्हेरी गुड’ म्हणतोस, तेव्हा मात्र फोन आपटावासा वाटतो. पत्र वाचताना तुला मधेच प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून पत्र.

तेवीस तारखेच्या रविवारी तुम्ही दोघं मला न्यायला येणार हे ठरलंय, असं तू म्हणालास. ते तुझं ठरलंय, माझं अजून काही ठरलेलं नाही. त्या ज्येष्ठांच्या निवासाचे फोटो पाहिले. बागबीग आहे, बाकं आहेत, सगळे म्हातारे दात काढून हसताहेत. पण खोलीला स्वयंपाकघर नाही. या वयात हिला ते हवं कशाला, असं तुला वाटत असणार.

दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुटत राहिला आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले, हे खरं आहे. खाली दुकान असलेल्या घड्याळवाल्यांना जिन्यात वास आला म्हणून ते दार ठोकत वर आले, नाहीतर काय झालं असतं ते मलाही कळतं. त्याआधी कढईचा कोळसा झाला होता, तेही खरं. तू शेगडी उचलून नेलीस तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आणि त्याच दिवशी तू धावत आलास, मला मिठी मारलीस, आणि मी तुला ढकललं. मग स्वयंपाकघरात तू सूनबाईंना म्हणालास, ‘आईने मला ओळखलंच नाही.’ मी ऐकलं ते. कान शाबूत आहेत माझे. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

तू लावून दिलेला डबा वेळेवर येतो. डबेवाली बाई बोलायला गोड आहे. पण जेवण मला जात नाही. तिचा दोष नाही, तिच्याशी भांडायला जाऊ नकोस. कपडे थोडे सैल झालेत, एवढंच.

काल फडकं शोधताना खालच्या खणात सूनबाईंची बांबूच्या काड्यांची चटई सापडली, आणि त्या काळपट हिरव्या, कागदासारख्या पातळ समुद्री शेवाळाचं न फोडलेलं पाकीट. आठवतं ना? तिने हौसेने जपानी सुशीचे रोल केले होते आणि मी बशीशी नाक नेऊन ‘ओल्या फडक्यासारखा वास येतोय’ म्हणून उठले होते. बिचारीचा चेहरा पडला होता. तिने दिलेला विजेवरचा भाताचा कुकरही खोक्यात तसाच पडून होता. तोही काढलाय. भात झाला की तो आपोआप बंद होतो, त्यामुळे तुझा जीव टांगणीला लागायला नको.

तर सांगायचं एवढंच, की आजपासून मी माझं जेवण स्वतः करणार आहे, गॅस न पेटवता. तेवीसला जरूर या. पण न्यायला नाही, जेवायला.

तुझी,
अजून स्वयंपाकघरात उभी असलेली
आई


दि. ११ मार्च

चि. ढोल्यास,
आशीर्वाद. परवा फोनवर तू म्हणालास, ‘आई, सुशी? तुला काय झालंय?’ आवाज असा होता की मी जणू सर्कशीत नाव घातलंय. मी फोन ठेवला, कारण हातांना भात चिकटला होता. राग नव्हता. थोडा होता.

पहिले रोल बघितले असतेस तर तू मला त्याच दिवशी उचलून नेलं असतंस. कृती पाकिटाच्या मागे चित्रांसकट दिलेली आहे. भात चिकट होणाऱ्या तांदळाचा हवा, तो गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ कालवायचं, वारा घालून निववायचा, शेवाळाच्या पानावर पसरायचा, मधे हवं ते ठेवून चटईने घट्ट गुंडाळायचं आणि काप काढायचे. वाचायला सोपं आहे. पण तुझ्या आईने जन्मभर चहाच्या कंपनीत चव-तपासनीस म्हणून काम केलं. पाच बागांची पत्ती एकत्र आणून एक चहा जमवायचा, ही माझी खोड. त्यामुळे घरात होतं ते सगळं एकाच रोलमध्ये घातलं. काकडी, गाजर, अंडं, बीट, सफरचंद. चटई आवळली आणि रोल फुटला. ओट्यावर जे काही पसरलं ते मी चमच्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी भात अगदी कडेपर्यंत पसरला, तर रोल मिटेना. कडेला बोटभर पट्टी कोरडी ठेवावी लागते, तिथेच तो चिकटतो. हात ओले असले की भात हाताला धरत नाही, सुरी ओली असली की काप चिरडत नाहीत. हे सगळं चुका करून कळलं. या वयात इतक्या चुका एका आठवड्यात करायला मिळणं हीसुद्धा चैनच आहे.

आता एका रोलमध्ये फार तर दोन गोष्टी घालते. काकडी आणि चुरडलेले बटाट्याचे वेफर्स, हा माझा सगळ्यात आवडता. दाताखाली असा आवाज होतो की शेजारच्या खोलीत ऐकू जावा. भाताबरोबरच वाफवलेलं रताळं आणि वर तीळ, म्हणजे मऊ आणि मधेच टचकन. पिकलेला आंबा आणि गाजर. मुरवलेलं आलं आणि अंडं. आंबट, खारट, गोड, गार, कुरकुरीत, हे सगळं मला नीट कळतं. घड्याळवाले कालपासून गिऱ्हाईक झालेत. ते प्रत्येक काप कानाजवळ नेऊन चावतात की काय असं वाटतं, आणि मग शांतपणे म्हणतात, ‘चालू आहे.’ त्यांच्या धंद्यात याहून मोठी स्तुती नाही.

एक गंमत सांगायची राहिली. सुशीबरोबर वासाबी नावाची हिरवी, जहाल चटणी खातात. दुकानातून नळी आणली. चहा तपासताना चमच्यातला घोट जोरात हवेबरोबर ओढायचा असतो, सर्रकन, म्हणजे तो थेट टाळूला आणि नाकाला जाऊन भिडतो. ती सवय हाडात बसलेली. मी वासाबी चमच्यावर घेतली आणि चहासारखीच ओढली. ढोल्या, डोक्याची कवटी उघडली रे. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या, ओटा धरून उभी राहिले. आणि मग मी हसले, आणि हसता हसता रडले, बराच वेळ.

जहाल वस्तू नाकात गेल्यावर रडू आलं, त्यात विशेष ते काय, असं तू म्हणशील. विशेष होतं. ते लिहायला आज बसले होते, पण जमत नाहीये.

वजन थोडं वाढलंय. डबा आजपासून बंद केला आहे, डबेवालीला सांगून. रागावू नकोस.

तुझी,
चटई आवळून बसलेली
आई


दि. १८ मार्च

चि. ढोल्यास,
आशीर्वाद. हे पत्र सूनबाईंसमोर वाच. तिलाही कळायला हवं.

शनिवारी घड्याळवाले वर आले, हातात कागदात बांधलेला माशाचा तुकडा. इतके दिवस नुसती भाजीपाला-सुशी खातोय, आता एकदा खरी होऊ दे, असं त्यांचं म्हणणं. तुकडा दिसायला छान होता, गुलाबी, चकचकीत. कच्चा खायचा म्हणजे तो ताजाच हवा. त्यांनी पुडी उघडली आणि माझ्यासमोर धरली. म्हणाले, “तुम्ही एकदा वास घ्या, म्हणजे मला काळजी नाही.”

तुला माहीत आहे, या इमारतीत दूध नासलं की नाही, तूप जुनं आहे की ताजं, हे ठरवायला लोक माझ्या दारात येतात. कंपनीत साहेब लोक माझ्या नाकाकडे बघत उभे असायचे. मी मान हलवली की अख्खा माल उतरवून घ्यायचे, नाक मुरडलं की परत पाठवायचे. मी त्या माशाजवळ नाक नेलं. घड्याळवाले वाट बघत होते. ‘चांगला आहे’ म्हणणं अगदी सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

मी म्हटलं, “मला वास येत नाही. थंडीतल्या त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही.”

त्यांनी पुडी बांधली, खाली जाऊन मासा मांजराला घालून आले, आणि मग माझ्यासमोर बसून काकडीचा रोल खाल्ला.

तर हे असं आहे बाळा. त्या दिवशी मी दूध विसरले नव्हते. दूध ठेवलंय हे मला पक्कं माहीत होतं. उतू गेलं की वास येईल, मग उठू, असं म्हणून पेपर वाचत बसले होते, जशी जन्मभर बसत आले. कढई जळली तेव्हाही तेच. आधी सर्दी आहे, जाईल, असं स्वतःला सांगत राहिले. मग गॅसचं झालं, तू आलास, डॉक्टरांशी बोललास आणि सगळ्यांनी मिळून मला विसराळू ठरवलं. मी ठरवू दिलं. विसरणाऱ्या म्हाताऱ्या घरोघरी असतात, त्यांना कुणी हसत नाही. पण नाकावर माशी बसू न देणाऱ्या तुझ्या आईचं नाकच कामातून गेलं, हे माझ्याच्याने सांगवेना. मला त्याची लाज वाटत होती. नुसती लाज. त्यापायी मी तुला किती घाबरवलं हे मला आता दिसतंय.

आणि ती मिठी. तापानंतर तू त्या दिवशी पहिल्यांदाच येत होतास. तू लहान असल्यापासून मी तुझ्या मानेचा वास घेते, तुला कधी कळलं नाही. तू शाळेतून आलास की, परीक्षेला निघालास की, लग्नाच्या दिवशीसुद्धा. तुझे साबण बदलले, घरं बदलली, त्याखाली तूच असायचास. त्या दिवशी तू मला घट्ट धरलंस, मी नेहमीसारखं नाक तुझ्या मानेशी नेलं, आणि तिथे काहीच नव्हतं. माझं नाक खरंच गेलंय, हे मला त्या क्षणी कळलं. माझी इतकी घाबरगुंडी उडाली की मी तुला ढकललं. तुझं नाव, तुझा चेहरा, तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटण, सगळं मला दिसत होतं. तुला ओळखलं नाही असं एक क्षणभरही झालं नाही.

आता कळलं ना, वासाबीने का रडवलं ते? महिनोन्‌महिने मेलेल्या नाकात काहीतरी पोचलं होतं. तो वास नव्हता, नुसता दणका होता. पण तिथे कुणीतरी घरी आहे, एवढं समजलं.

सोमवारी मी आपली आपण नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तरुण बाई आहे, सरळ बोलते. वास परत येईल किंवा येणार नाही, म्हणाली. रोज ठरलेल्या बाटल्या हुंगायच्या, लिंबू, लवंग वगैरे, मन लावून. ते मला शिकवायला नको, तो माझा धंदाच होता. मी एक बाटली चहाची ठेवली आहे. अजून काही येत नाही. हुंगत राहणार आहे.

शेगडी परत आणू नकोस, मला नको आहे. भाताचा कुकर, पाण्याची किटली आणि विजेवर भांडं तापवणारी छोटी पाटी, जी भांडं उचललं की बंद होते, एवढ्यावर माझं भागतं. धूर झाला की ओरडणारं यंत्र घड्याळवाले छताला लावून देणार आहेत. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघते आणि शंका आली की ओतून देते. कच्चा मासा या घरात येणार नाही. आणि इमारतीत सगळ्यांना सांगितलंय की वास घेण्याचं खातं सध्या बंद आहे. कुणी हसलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तर म्हणाल्या की त्यांना गेली तीन वर्षं डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि त्यांनी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

सूनबाईंना सांग, त्या दिवशी तिच्या बशीवरून उठले ते चुकलं. तिचे रोल माझ्यापेक्षा चांगले वळलेले होते. रविवारी तिने माझ्या शेजारी उभं राहून भात पसरावा, माझा अजून एका बाजूला जाड होतो. आत काय घालायचं ते तुम्ही ठरवा, मी सगळं चिरून ठेवते.

हे सगळं वाचूनही तुला वाटलं की मला इथून नेलंच पाहिजे, तर तसं इथे येऊन, माझ्यासमोर बसून सांग. मी सगळं ऐकून घेईन. मधे एकदाही बोलणार नाही. आणि तुझं बोलून झालं की ‘नाही’ म्हणेन.

दार उघडल्यावर मला धरशील ना? वास येवो न येवो, या वेळी मी हलणार नाही.

तुला पुरती ओळखणारी,
आई