ज्येष्ठमधाची डबी

शनिवार संध्याकाळ, नवीन पनवेल

दादा गेल्यापासून वहिनीचं एकच चालू होतं. त्याचा आवाज बसला तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण सामन्यांची कॉमेंट्री करून घसा बसला, असंच आम्ही सगळ्यांनी धरलं. ती ज्येष्ठमध द्यायची. तो म्हणायचा, "मुळ्या चघळायला मी काय बोकड हाय?"

आज तिला घेऊन त्याच्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, हा फुप्फुसाचा कॅन्सर फार झपाट्याने पसरतो. आवाज बसला तेव्हाच पसरलेला होता, तेव्हा आणलं असतं तरी वाचले नसते. खरं, की धीर द्यायला? खरंच असावं.

रिक्षात वहिनीने पर्समधून ज्येष्ठमधाची डबी काढली. अजून जवळच ठेवलेली! एक तुकडा तोंडात टाकला. "गोड तर हाय. उगाच नावं ठेवायचे."

मलाही दिला. दोघी चघळत घरी आलो.