भिंतीपलीकडची रेंज

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा आई टॅबलेट घेऊन माझ्या खोलीत! "आत तुमची ती डबी पोचतच नाही गं," म्हणाल्या आणि माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसल्या. मग पाऊण तास त्या आणि नणंद. नणंदेच्या घरातले नवे पडदे, तिच्या शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं. माझ्यापुढे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाची प्रुफं. एकाच ओळीतली चूक दोनदा सुटली.

सासूबाई आहेत, परक्या नाहीत. रोज संध्याकाळी लेकीचं तोंड दिसावं, एवढंच त्यांना हवं असतं. तरी मला चीड आली. त्यांच्या खोलीत वायफाय पोचलंच पाहिजे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राउटर लोखंडी कपाटामागून काढून वरच्या फळीवर ठेवला. आरसा दुसऱ्या भिंतीला लावला — कुठेतरी वाचलं, आरशावरून लहरी परततात. अँटेना सरळ उभ्या केल्या. नवरा दारात उभा राहून बघत होता. "आता त्याला उशी दे आणि पांघरूण घाल!"

माझ्या खोलीत झकास. भिंतीपलीकडे आईंकडे एक काडी, तीही येऊन जाऊन.

एक कळत नाही. महिन्यापूर्वी त्या तिथेच, खिडकीजवळच्या पलंगावर बसून आरामात बोलायच्या. राउटर तोच. भिंत तीच.

९ फेब्रुवारी, रविवार

वायफायवाला येऊन गेला. मोबाइल पुढे धरून दोन्ही खोल्यांतून फिरला. मधल्या भिंतीवर टकटक केलं. "भिंत जाड आहे, ताई."

मी म्हटलं, "गेल्या महिन्यात बारीक होती का?"

हसला. "तसं नाही हो. आता आजूबाजूला प्रत्येक घरात वायफाय झालंय. हवेत गर्दी." चॅनेल बदलला, एक बूस्टर विकला आणि तो आईंच्या खोलीत लावून दिला.

आईंनी त्याला विचारलं, "काय रे, ही भिंत एवढी गार का लागते?"

"आजी, ते माझ्या खात्यात येत नाही!"

सगळे हसलो. मीसुद्धा.

संध्याकाळी कॉल थोडा वेळ चालला. मग नणंदेचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला आणि बूस्टरचा दिवा लाल झाला. आई टॅबलेट उचलून माझ्या खोलीत. "आले गं बाई मी परत."

११ फेब्रुवारी, मंगळवार

पंप आज दोनदा लावावा लागला. टाकी लवकर रिकामी होते आहे. घरात माणसं तीन — एवढं पाणी वापरतं कोण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

उपाय सापडला. बूस्टरला मधल्या भिंतीच्या अगदी जवळ पकड मिळते, खिडकीपाशी नाही. नवरा म्हणाला, "मग पलंगच भिंतीला लावू. हाकानाका!"

आईंचा पलंग म्हणजे शिसवी धूड. शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं तेव्हा हलला. आता डोकं भिंतीकडे, वर माळा. माळ्यावर सासऱ्यांच्या कायद्याच्या पुस्तकांच्या पेट्या आणि शिवणयंत्र.

आई आधी कुरकुरल्या. "खिडकी सोडून? झाड दिसायचं मला तिथून." मग म्हणाल्या, "लावा. पोरगी दिसेल तिकडे डोकं. झाड काय, कुठे पळून जातंय!"

संध्याकाळी कॉल नीट झाला. मी माझ्या खोलीत एकटी, दार लावून, चाळीस पानं तपासली. फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की नंतर टोचलं. मी हे त्यांना लेक दिसावी म्हणून केलं, की त्या माझ्या खोलीत येऊ नयेत म्हणून? दोन्ही — असं लिहिणं सोपं आहे. पण त्यांची खिडकी गेली आणि माझी शांतता आली, हेही खरंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आई सर्दीने बेजार. "भिंतीतून गारवा येतो गं. पाठीत शिरतो." मी हात लावून बघितलं. गार आहे, पण कोरडी. गेल्या वर्षी नवऱ्याने ऑइलपेंट लावून घेतला, तेव्हापासून चकचकीत. एक डाग नाही.

"दिसतेय चांगली," मी म्हटलं.

"दिसणारच. ही घरातली सगळ्यांत जुनी भिंत. आत नुसती माती आणि विटा. तुझ्या सासऱ्यांनी वरून सिमेंट थापलं आणि म्हणाले, झाली पक्की! त्यांचं सगळंच तसं. वरून पक्कं."

त्यांना दुसरं स्वेटर दिलं. भिंतीला उशी टेकवून दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बूस्टर आता भिंतीजवळही लाल. उलट दिशेने चाललंय सगळं! नवऱ्याला म्हटलं, टाकीचंही बघून घ्यायला हवं, पंप सारखा लावावा लागतो. "वॉल्व्ह गेला असेल. आधी आईचं वायफाय, मग टाकी. एका वेळी एक." आणि बॅग भरायला लागला. कामासाठी बाहेरगावी, बुधवारपर्यंत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वायफायवाला परत. आता भिंतीला भोक पाडून वायरच पलीकडे न्यायची. ड्रिल लावलं. मला वाटलं होतं घरभर धूळ होईल, म्हणून प्रुफांवर चादर घातली. धूळ उडालीच नाही. भोकातून मऊ, काळपट चिखल आला आणि ओघळत खाली आला.

"ओली आहे का हो आतून?"

"जुन्या भिंती अशाच असतात, ताई. दमट." ड्रिलची सुई फडक्याला पुसली. मग लक्षात आलं, वायर आखूड आणलीय. "बुधवारी लांब वायर घेऊन येतो." भोकात कागदाचा बोळा कोंबून गेला.

मी त्याला अजून विचारायला हवं होतं. पण त्याला काय माहीत असणार? आणि मला काय माहीत आहे? तरी तो चिखल डोळ्यांपुढून जात नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बोळा काढला. पिळला तर पाणी निघालं.

मग कामाला हात न लावता वाचत बसले. राउटर कुठे ठेवू नये — ओव्हनजवळ, लोखंडी कपाटामागे, माशांच्या टाकीमागे. कारण पाणी लहरी शोषून घेतं. हे वाक्य मी आधीही वाचलं होतं! तेव्हा पुढे गेले, कारण आपल्याकडे माशांची टाकी नाही.

आहे. भिंतीएवढी.

गच्चीवरच्या टाकीचा पाइप या भिंतीतूनच खाली येतो, हे आईंनीच सांगितलं. रेंज महिन्याभरात कमी कमी होत गेली. पंप वाढला. भिंत गार झाली. आणि आम्ही बूस्टर आणला.

प्लंबरला फोन केला. "परवा सकाळी." मी म्हटलं, तातडीचं आहे. "सगळ्यांचं तातडीचंच असतं, मॅडम." नवऱ्याला फोन. "अगं, घाबरू नकोस. पन्नास वर्षं उभी आहे ती." गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक फिरवून बघितला. गंजलाय, हलत नाही. पंप मात्र आता लावणार नाही. टाकी रिकामी होऊ दे.

पलंग एकटीने ओढून बघितला. तसूभर सरकला नाही. शेजारी कुलूप.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आईंना सांगितलं, आज माझ्या खोलीत झोपा, तिथे गादी घालते.

"तुझं काम असतं. मी मध्ये आले की तुझ्या भुवया वर जातात, दिसतं मला. सवय आहे मला या खोलीची."

"आई, भिंत ओली आहे."

"मग मी महिनाभर काय सांगत होते?"

तरी मी हट्ट धरला. शेवटी म्हणाल्या, "आज राहू दे, अंग मोडून आलंय. उद्या प्लंबर येईल, तुझा नवरा येईल, तेव्हा हलवा मला, पलंगाला, सगळ्यांनाच."

हात धरून उठवायला हवं होतं. उठवलं नाही. पुस्तक उद्या छपाईला जायचंय, वीस पानं उरली होती — हे कारण होतं की नव्हतं, हे आज लिहिता येत नाही.

त्यांच्या भिंतीवरचा रंग एका जागी फुगलाय. बोट लावलं. आत पाणी हललं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी भिंत गेली. माळ्यासकट, पलंगावर. आई झोपेतच होत्या.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी टॅबलेट वाजला. तो खिडकीत राहिला होता, जिथे महिनाभर रेंज येत नव्हती. आता मध्ये काही नाही. नणंदेला कळवायचं नवऱ्याच्या हातून राहिलं होतं, की धीर झाला नव्हता, माहीत नाही. मी उचलला.

"अरे वा, वहिनी! आज किती स्वच्छ दिसतंय. आई कुठे आहे?"