पिशवीसकट लावलेली झाडं

बाबा, तुमचा नियम मी आज मोडला. विकलेली रोपं पाहायला गेले, आणि परत आल्यापासून डोकं तापलंय. म्हणून लिहायला बसले.

नियम तुम्हाला आठवत असेल. शाळेतून आले की मी आपल्या नर्सरीत रोपांच्या पिशव्या जागच्या हलवायचे, मुळं खालच्या जमिनीत शिरू नयेत म्हणून. एकदा हट्टा गावचं एक गिऱ्हाईक आलं, त्याची जांभळं सुकत चालली होती. मी म्हटलं, चला बाबा, बघून येऊ. तुम्ही त्याच्यासमोरच माझ्यावर डाफरलात. "विकलं का त्याचं झालं. आपून मांगं मांगं जात नाही. तुले काय करायचं हाय?" त्याला दोन नवी रोपं दिलीत, पण गेला नाहीत. धंद्याची रीत असेल, असं समजून मी पुन्हा पिशव्या हलवायला लागले.

परवा एका नव्या कॉलनीची मंडळी वृक्षारोपणासाठी टेम्पोभर कडुनिंब आणि करंज घेऊन गेली. पिशवी ब्लेडनं चिरा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, मगच लावा, असं घसा सुकेपर्यंत सांगितलं होतं. आज जाऊन पाहते तर सगळी झाडं पिशवीसकट खड्ड्यात. काळ्या प्लास्टिकची कड मातीबाहेर दिसतेय आणि कार्यक्रमाची फीत कुंपणाला लटकतेय. मुळांनी जायचं कुठं? कॉलनीचे अध्यक्ष बाहेरच उभे होते. म्हणाले, "अरे बाई, फोटो तो हो गया. तुमाले पैसे भेटले ना? आता तुमाले काय करायचं हाय?"

तुमचंच वाक्य, बाबा. मी तिथेच खाली बसले आणि एकेक झाड उपसून पिशवी फाडायला लागले. ते म्हणत राहिले, झाडं आमची आहेत. मी म्हटलं, "हौ, तुमचीच हायेत. म्हणून काय मरू देऊ?" शेवटच्या झाडापर्यंत हात थांबवला नाही. नखांत अजून माती आहे.

हे मी खरं तर तुम्हाला म्हणायला हवं होतं, माझ्या सासरी, वारासिवनीला आला होतात त्या दिवशी. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही तुमची रीत, आणि मला मूल नव्हतं. फाटकाबाहेर उभे आहात, हातात आंब्याचं कलम. माझ्या दंडावर वळ होते. मी पदर मुद्दाम ओढून घेतला नव्हता, तुम्हाला दिसावेत म्हणून. तुम्हाला दिसले. मग तुम्ही कलमाच्या पानांकडे पाहत म्हणालात, "याले पानी देत जाय बाई. माही बस सुटन." आणि गेलात.

मला राग येतो, बाबा. इतकी वर्षं झाली तरी येतो. पानावर एक डाग दिसला तर तुम्ही उन्हात तासभर वाफ्याशी बसून राहायचात. माझा वळ तुम्हाला रोग वाटला नाही? ती रीत पाळून तुम्ही कोणाचं भलं केलंत? दिलेली लेक काय विकलेलं रोप असते? गिऱ्हाइकाला निदान दुसरं रोप तरी देत होतात.

तुमच्या तेराव्याला आले ती मी परत गेलेच नाही. बसमध्ये ते कलम मांडीवर होतं. आज ते विहिरीजवळ उभं आहे, खुरटलेलं, एखाद्या वर्षी चार आंबे देणारं. गिऱ्हाइकं हसतात, नर्सरीवालीचा आंबा असा काहून? मी म्हणते, जातच तशी आहे.

जातीचा दोष नाही. हा कागद कोणी वाचणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. सासरच्या अंगणात ते कलम मीही पिशवीसकटच लावलं होतं. विसरून नाही. पुढच्या बसनं तुम्ही मला न्यायला याल, तेव्हा चटकन उपसता यावं म्हणून.