‘सांबार’ या नावाने लिहिलेल्या एकशे बासष्ट भागांची व्यवस्था

मी, शकुन भगवंतराव श्रीखंडे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शेती व भाजीविक्री, राहणार परतवाडा, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती, हे माझे शेवटचे इच्छापत्र करून ठेवते. काचबिंदूने माझी नजर गेली आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी सांगत गेले आणि दस्तलेखक सहदेव इंगळे यांनी लिहून घेतले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी तो मानला नसता, हे घरचे सर्वजण सांगतील.

१. परतवाड्यातील दोन खोल्यांचे घर माझ्या वडिलांनी, तेल्हाऱ्याच्या जानराव बनकर यांनी, माझ्या नावे करून दिले. माझ्यामागे माझे पती भगवंतराव हयात असेपर्यंत तिथेच राहतील. त्यांच्यानंतर मुलगा किशोर व मुलगी अपेक्षा यांनी ते निम्मे निम्मे घ्यावे. शेत भगवंतरावांच्या नावे आहे, त्याबद्दल मी बोलत नाही.

२. पोस्टातील शिल्लक व माझ्या पाटल्या अपेक्षाला. किशोरने वाईट वाटून घेऊ नये. भाजीची गाडी आणि तराजू त्याच्याकडेच आहेत. अपेक्षाने २०१६ साली मला तिचा जुना मोबाईल दिला, त्यावर मराठी अक्षरे टाकून दिली आणि “आई, टीव्हीवर ओरडण्यापेक्षा इथं लिही,” असे सांगितले. पुढचे सगळे तिथून झाले.

३. ते सगळे काय, हे इथे सांगणे भाग आहे. ‘तिसरा फाटा’ नावाची मालिका रोज संध्याकाळी लागायची. इंदुमती नावाची बाई फाट्यावर खानावळ चालवते. एक तिथला मेकॅनिक श्रीपत, एक डॉक्टर निरंजन, आणि तिचे मन कोणाकडे, अशी ती गोष्ट. दोनशे बाराव्या भागात इंदुमती फाट्यावर उभी होती, एका रस्त्याने श्रीपत येत होता, दुसऱ्याने निरंजन. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. मालिका बंद. मी तीन दिवस धुसफुसत होते. मग अपेक्षाच्या मोबाईलवर पुढचा भाग स्वतःच लिहिला. वाचकांच्या गोष्टी टाकणाऱ्या साइटने टोपणनाव विचारले तेव्हा हातात सांबाराच्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या, जुड्या होत्या, म्हणून ‘सांबार’ लिहिले. पुण्याकडच्या वाचकांना कितीतरी महिने मी इडलीवाली वाटत होते.

वीस भागांत आटोपेन, असा माझा अंदाज होता. एका बोटाने लिहायचे, तेही कोबी उतरवून झाल्यावर. अडतिसाव्या भागात इंदुमतीला नागपूरला पाठवले, तर तिला परत आणायला अकरा भाग आणि कोबीचे दोन हंगाम गेले. कोण कुठल्या गावचा, कोणाचे कोणाशी वाकडे, हे लिहायला सात वह्या केल्या, तरी घोळ झालाच. अडुसष्टाव्या भागात श्रीपतची आत्या वारली आणि एक्क्याऐंशीव्या भागात लग्नात उखाणा घेऊन गेली. त्याखाली ‘सुईदोरा’ नावाच्या बाईने सगळ्यांसमोर लिहिले, “अभिनंदन, आत्या परत आल्या.”

४. ही सुईदोरा म्हणजे वर्षाली गावंडे, अकोल्याला जठारपेठेत ब्लाऊज शिवते. तीही ‘तिसरा फाटा’ पुढे लिहीत होती, पण निरंजनच्या बाजूने. मी श्रीपतच्या. सहा वर्षे आम्ही एकमेकींच्या भागांखाली भांडलो. “डॉक्टरला माणूस म्हणून लिहा, खलनायक म्हणून नको,” ती लिहायची. “तुमचा श्रीपत गाडी दुरुस्त करतो की फक्त उसासे टाकतो?” मीही कमी नव्हते. एकदा मी जाहीर लिहिले की माझ्या गोष्टीला कोणी दुसरा शेवट जोडला तर मी त्याला वाचक मानणार नाही. तो रोख तिच्यावर होता, हे सर्वांना कळले.

५. २०२३ च्या पावसाळ्यात नजर संपली. बोललेले लिहून घेणारे यंत्र अपेक्षाने लावून दिले, पण त्याला आमचे बोलणे कळेना. ‘श्रीपत’ म्हटले की ‘श्रीफळ’ उमटायचे. एकशे एकतीस भाग झाले होते. अपेक्षाकडून दोन ओळी टाकल्या की सांबार इथे थांबते. प्रतिक्रिया आल्या, त्या भगवंतराव वाचून दाखवायचे. त्यांनी कधी मालिका पाहिली नव्हती. “हे एक फूल हाये, दोन हात जोडले हायेत, मंग पुन्हा फूल,” असे जसे दिसेल तसे वाचायचे. मी रडायचे आणि ते वाचत राहायचे.

आठव्या दिवशी फोन आला.

“मी सुईदोरा बोलून राहिली.”

“कावून फोन केला?” मी विचारले.

“काकू, मले तुमचा शेवट पटनार नाही, हे मले मालूम हाये. पन तो अर्धा राहिलेला मले अजिबातच पटत नाही. माहं दुकान सोमवारी बंद असते. येऊ?”

ती अकोल्याहून अकोट-अंजनगाव करीत एसटीने आली. चव्वेचाळीस सोमवार आली. मी सांगायचे, ती लिहायची. जे तिला पटत नव्हते तेही तिने काना-मात्रा न बदलता लिहिले. मला दिसत नव्हते. ती वाटेल ते लिहू शकली असती. पहिले दोन महिने मी तिच्यामागे प्रत्येक भाग भगवंतरावांकडून वाचून घेऊन तपासला. हा अविश्वास मी तिला कधी सांगितला नाही. इथे सांगते आणि तिची माफी मागते.

भांडण एकदाच झाले. एकशे एकसष्टाव्या भागात मी निरंजनला इंदुमतीशी फार वाईट बोलायला लावले. वर्षालीने पेन खाली ठेवले.

“काकू, त्याले जाऊ द्या. पन असं नका घालवू. सहा वर्षं मी त्याले सांभाळलं हाये.”

मी म्हटले, “मंग तो काय बोलन, तूच सांग.”

तिने पेन पुन्हा उचलले. मग म्हणाली, “तो खानावळीचं बिल देईन आन् म्हनन, भाजीत आज मीठ बराबर हाये.”

तसेच ठेवले. संपूर्ण गोष्टीत वाचकांना सर्वांत आवडलेले वाक्य ते आहे आणि ते माझे नाही, याची इथे नोंद व्हावी. २०२५ च्या फेब्रुवारीत शेवटचा भाग झाला. ‘समाप्त’ हा शब्द तिने लिहिला आणि माझे बोट धरून कागदावर त्या शब्दावरून फिरवले.

६. इंदुमती, श्रीपत आणि निरंजन ही माणसे मालिकेच्या मालकांची आहेत. ती मी कोणाला देऊ शकत नाही. माझे फक्त लिहिणे आहे. ते सर्व एकशे बासष्ट भाग, सात वह्या, खात्याचा पासवर्ड आणि वाचकांच्या सर्व प्रतिक्रिया मी वर्षाली गावंडे हिला देते. गोष्ट फुकट वाचायला मिळत राहावी. आत्याची चूक दुरुस्त करू नये. त्या चुकीमुळे आमची ओळख झाली. तिला हवा असल्यास निरंजनच्या बाजूचा दुसरा शेवट तिने माझ्याच खात्यावर, माझ्या शेवटाखाली जोडावा. माझी जाहीर मनाई मी याद्वारे मागे घेते.

७. दीर पंजाबराव यांनी एका लग्नाच्या मांडवात सर्वांसमोर विचारले होते, “वहिनी, दुसऱ्याच्या वावरात पेरून काय भेटते?” त्यांना पहिल्या साठ भागांची छापील प्रत द्यावी. पुढचे भाग ते मोबाईलवर चोरून वाचतात, हे मला त्यांच्या सुनेने सांगितले आहे.

८. ज्या वाचकांनी “पुढचा भाग कधी?” एवढेच विचारून मला उठवले, बसवले आणि लिहिते ठेवले, त्यांची नावे मला माहीत नाहीत. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. मी त्यांची फार आभारी आहे. भगवंतरावांचीही, एकशे बासष्ट भागांत त्यांनी जेवण उशिरा झाल्याची तक्रार फक्त चारदा केली.

९. गोष्ट संपली तरी वर्षाली सोमवारी येते. आता ती तिची स्वतःची गोष्ट मला वाचून दाखवते, पहिल्या भागापासून. आम्ही सत्त्याण्णवाव्या भागावर आहोत. तिचा निरंजन मला अजून पटलेला नाही, पण काल तो पुरात अडकला आणि मला रात्रभर काळजी लागली. तिचे अजून त्रेचाळीस भाग बाकी आहेत. तोपर्यंत हे इच्छापत्र कोणी उघडायचे काम पडू नये, अशी माझी इच्छा आहे.

लाभ मिळणाऱ्याने साक्षीला बसू नये, असे सहदेवरावांनी सांगितल्यामुळे वर्षालीला आज बोलावलेले नाही. वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली मी साक्षीदारांसमोर सही केली व साक्षीदारांनी माझ्यासमोर केली.

शकुन भगवंतराव श्रीखंडे (सही, ओळीच्या थोडी वर गेली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. मोतीराम चर्जन, शेजारी, परतवाडा
२. आशाबाई निमकर, भाजीविक्रेती, परतवाडा

लेखनिक: सहदेव इंगळे, दस्तलेखक

स्थळ: परतवाडा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५