पळून गेलेला वजनकाटा

चिमणे,

तुझाच काय, कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण न्हाणीघरातला वजनकाटा आज सकाळी पळून गेला. मी दाढी करत होतो, तेवढ्यात तो दारातून निघाला आणि जिना उतरून कोपऱ्यावरून वळला. एका पायात चप्पल अडकवून मी मागे धावलो, पण सत्तरीच्या शिंप्याला तो कसला सापडतोय! आता दुकान उघडतो आणि त्याचा तपास करून दुपारी येतो.

काटा नाही म्हणून जीव खालीवर करू नकोस. दवाखान्यात नर्सबाई तुला पाठमोरी उभी करून वजन घेतात, आकडा डॉक्टर बघतात. सहाव्या महिन्यात बाळ हवं तसं वाढतंय, असं त्या परवाच म्हणाल्या. आपल्याला तेवढं पुरे.

ओट्यावर सूप आणि पाव आहे, दोन अंडी उकडून ठेवलीत. मागच्या आजारपणात काट्यावरच्या आकड्यापायी जेवण सोडलं होतंस, तशी ताटाकडे बघत एकटी बसू नकोस. घास अडला तर दुकानात फोन कर, मी बडबड करतो, तू खा. तुझा निळा झगा सैल केलाय. शिवणीत माया भरपूर आहे, अजून दोनदा सैल होईल.

— बाबा

*

बाबा, धडधडीत थापा! काटा तुमच्या चिंध्यांच्या पेटीत आहे, आणि आज सकाळपासून नाही, मंगळवारपासून. मी तेव्हाच शोधून काढला होता. हातात घेतला, पण वर उभी राहिले नाही. परत चिंध्यांत ठेवून दिला.

दोन्ही अंडी खाल्ली. उद्या तीन उकडा.